दोन स्वस्त कॅमेरे



स्वस्त वस्तूंची तुलना ही महाग वस्तूंच्या तुलनेपेक्षां अधिक कठीण असते. महाग वस्तूंत उणें असें फारसें नसतें. तेथें बहुधा आवडीनिवडीचाच प्रश्न उरतो. स्वस्त वस्तूंत मात्र कांहीं तरी सोडूनच कांहीं तरी दिलेलें असतें, आणि कारखानदारानें काय सोडलें व काय राखलें हें ओळखणें हेंच ग्राहकाचें खरें काम असतें. तें कसें करावें याचें एक उदाहरण म्हणून आज दोन लहान डिजिटल कॅमेऱ्यांचा विचार करावयाचा आहे. पहिला कॅनन कंपनीचा पॉवरशॉट ए ५९० आय. एस. व दुसरा निकॉन कंपनीचा कूलपिक्स एल १८. दोन्ही जपानी कंपन्यांचे, दोन्ही २००८ सालच्या आरंभीं जाहीर झालेले, आणि दोन्ही बेताच्या उत्पन्नाच्या गृहस्थाकडे पाहून बनविलेले. अमेरिकेंत त्या वेळीं पहिल्याची किंमत सुमारें १८० डॉलर व दुसऱ्याची सुमारें १४० डॉलर ठेवण्यांत आली होती.

या दोन्ही कॅमेऱ्यांचें उत्पादन केव्हांच थांबलें आहे. मग आज त्यांची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें. २००७ सालीं आयफोन आला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खिशांतल्या टेलिफोननें खिशांतला कॅमेरा जवळजवळ गिळून टाकला. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं सर्व प्रकारचे मिळून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ सालीं ही संख्या ८० लाखांच्याही आंत आली. परंतु याच सुमारास एक उलटा प्रवाह सुरू झाला. तरुण मुलामुलींना जुन्या लहान कॅमेऱ्यांची हौस वाटूं लागली. घरोघरीं कपाटांत, बारशाच्या कपड्यांखालीं नाहीं तर जुन्या पासबुकांशेजारीं, असा एखादा कॅमेरा पडलेला असतोच. तो पुन्हां बाहेर निघूं लागला, आणि ज्यांच्या घरीं नाहीं तीं जुन्या बाजारांत शोधूं लागलीं.

या हौसेकडे वडीलधाऱ्यांनीं हसून पाहावें असें नाहीं. बारा-तेरा वर्षांचें मूल "मला फोटो काढावयाचे आहेत" असें म्हणतें, तेव्हां आईबापांपुढें एकच मार्ग असल्यासारखें वाटतें. तो म्हणजे त्याच्या हातीं फोन देणें. आणि फोन दिला कीं फोटोबरोबर सारें जगच त्या हातांत जातें. फोटो काढण्याखेरीज दुसरें कांहींही न करणारें यंत्र आज दोन-चार हजार रुपयांत मिळत असेल, तर तें घ्यावें काय, आणि घ्यावें तर कसें पारखावें, हा प्रश्न पुष्कळ घरांतील खरा प्रश्न आहे.

आतां तुलनेकडे वळूं. दुकानदार प्रथम जो आंकडा सांगतो तो मेगापिक्सेलचा. या आंकड्यावर दोन्ही कॅमेरे अगदीं समसमान आहेत. दोहोंतही तो ८ आहे. मेगापिक्सेल म्हणजे दहा लक्ष बिंदु. फिल्मच्या जागीं या कॅमेऱ्यांत सिलिकॉनची एक चकती असते व तिच्यावर प्रकाश टिपणारे सूक्ष्म कोठे ओळीनें मांडलेले असतात. सी. सी. डी. या नांवानें ओळखली जाणारी ही युक्ति १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं काढली. प्रथम ती माहिती साठविण्याचें साधन म्हणून सुचली होती. प्रकाशचित्रासाठीं तिचा उपयोग मागाहून लक्षांत आला, आणि २००९ सालीं या दोघांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. १९७५ सालीं ईस्टमन कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यांनीं अशी चकती बसवून जो पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला, त्याचें वजन साडेतीन किलोंहून अधिक होतें, चित्रांत अवघे १०,००० बिंदु होते, आणि एक चित्र ध्वनिफितीच्या कॅसेटवर उतरण्यास २३ सेकंद लागत. त्या हिशेबानें पाहतां २००८ सालचा हा स्वस्त कॅमेरा आठशें पटींनीं बारीक चित्र काढतो.

हे ८० लक्ष बिंदु कशाला पुरतात, याचें गणित शाळकरी मुलालाही येईल. दोन्ही कॅमेऱ्यांचें मोठ्यांत मोठें चित्र लांबींत ३,२६४ व रुंदींत २,४४८ बिंदूंचें असतें. कागदावरील चांगल्या छपाईस एका इंचांत ३०० बिंदु लागतात. भागाकार केला म्हणजे जवळजवळ ११ इंच लांब व ८ इंच रुंद चित्र निघतें. घरच्या आल्बमांत लावावयाचा फोटो असतो ६ इंच बाय ४ इंचांचा, आणि त्याला २२ लक्ष बिंदूही पुरेसे होतात. म्हणजे नव्या यंत्रावर ८ च्या ऐवजीं १६ किंवा २४ असा आंकडा दिसला, म्हणून आल्बमांतील फोटोंत तिळमात्र फरक पडण्याचें कारण नाहीं.

फरक पडतो तो त्या चकतीच्या आकारानें, आणि हा आंकडा जाहिरातींत मोठ्या अक्षरांत कोणी छापीत नाहीं. या दोन्ही कॅमेऱ्यांतील चकती सुमारें ५.८ मिलिमीटर लांब व ४.३ मिलिमीटर रुंद आहे. करंगळीच्या नखावर ती मावून जागा उरेल. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांतील चौकट ३६ मिलिमीटर बाय २४ मिलिमीटरची असे, म्हणजे क्षेत्रफळानें जवळजवळ ३५ पट मोठी. एवढ्याशा अंगणांत ८० लक्ष कोठे मांडल्यावर प्रत्येकाच्या वांट्याला प्रकाशाचे किती थेंब येणार? भर उन्हांत भागून जातें; परंतु संध्याकाळच्या दिव्यांत चित्रावर रव्यासारखे कण दिसूं लागतात. त्याच आकाराच्या चकतीवर दुप्पट कोठे मांडले तर प्रत्येकाचा वांटा निम्मा होतो. मेगापिक्सेलचा फुगीर आंकडा मिरविणाऱ्या हलक्या कॅमेऱ्याची गोष्ट म्हणूनच "नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा" अशी होऊन बसते.

तेव्हां बिंदु सारखे, चकती सारखी. मग ४० डॉलरचा फरक कशाचा? तो आहे भिंगाचा, डोळ्याचा आणि चाकाचा.

प्रथम भिंग पाहूं. निकॉनचें भिंग दूरची वस्तु तीन पट जवळ ओढतें, कॅननचें चार पट. जुन्या फिल्मच्या मापांत सांगावयाचें तर दोन्हीं भिंगें ३५ मिलिमीटरपासून सुरू होतात. एक १०५ वर थांबतें, दुसरें १४० पर्यंत जातें. शाळेच्या संमेलनांत तिसऱ्या रांगेंत बसून रंगमंचावरील मुलाचें चित्र घ्यावयाचें असेल, तर १४० च्या टोकाला मूल चित्रांत एक-तृतीयांशानें मोठें दिसेल. परंतु प्रत्येक लाभाला किंमत असते. दूरच्या टोकाला कॅननचें छिद्र अधिक आकसतें. निकॉन आपल्या टोकाला त्याहून सुमारें तिसऱ्या हिश्श्यानें अधिक उजेड आंत घेतो.

हा तोटा कॅनन दुसऱ्या एका युक्तीनें भरून काढतो. दूरचें चित्र घेतांना हाताचा लहानसा कंपही मोठा होऊन उमटतो. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा कीं, भिंगाचा आंकडा १४० असेल तर शटर सेकंदाच्या १४० व्या भागाहून अधिक वेळ उघडें ठेवूं नये. कॅननच्या नांवापुढील "आय. एस." हीं दोन अक्षरें याच संबंधांतलीं आहेत. भिंगाचा एक तुकडा हाताच्या कंपाच्या उलट दिशेस सरकून प्रतिमा जागेवर धरून ठेवतो, आणि त्यामुळें साधारण हात सेकंदाच्या ३५ व्या भागापर्यंत निभावून जातो. निकॉनच्या भिंगांत ही सोय नाहीं. ज्या घरांत कॅमेरा वडील माणसाच्या थरथरत्या हातीं जाणार आहे, तेथें या एका गुणाचें मोल पुष्कळ आहे. मात्र तो हाताचा कंप थांबवितो, समोरच्या मुलाचें धांवणें नव्हे; मंद उजेडांत पळणारें नातवंड दोन्ही कॅमेऱ्यांत सारखेंच पुसट येणार.

दुसरी गोष्ट डोळ्याची. निकॉनचा पडदा ३ इंचांचा आहे व कॅननचा अडीच इंचांचा. अर्धा इंच म्हणजे थोडा वाटतो, पण क्षेत्रफळांत तो ४४ टक्क्यांचा फरक होतो. शिवाय निकॉनच्या पडद्यावरील बिंदूही कॅननच्या दुप्पट आहेत. काढलेलें चित्र चारचौघांना दाखवितांना, किंवा चष्मा शोधण्याचा कंटाळा असणाऱ्याला, निकॉन निःसंशय सोयीचा. उलट कॅननला जुन्या कॅमेऱ्यासारखी डोळा लावून पाहण्याची एक बारीक खिडकी आहे; निकॉनला ती नाहीं. वैशाखाच्या उन्हांत, अंगणांत किंवा समुद्रकांठीं, पडद्यावर स्वतःच्याच तोंडाखेरीज कांहीं दिसत नाहीं. तेथें ही खिडकी उपयोगी पडते. कॅमेरा कपाळाला टेकल्यामुळें हातही स्थिर राहतो, आणि पडदा बंद ठेवतां येत असल्यानें सेलही वांचतो. तिच्यांतून चित्राचा संपूर्ण भाग दिसत नाहीं, कडेचा थोडासा सुटतो, हा तिचा दोष आहे. परंतु तो अंगवळणीं पडतो.

तिसरी गोष्ट चाकाची, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीनें हीच सर्वांत महत्त्वाची. निकॉन एल १८ सर्व निर्णय स्वतः घेतो. छिद्र किती उघडावें, शटर किती वेळ ठेवावें, हें तो विचारीत नाहीं. माणसानें रोखावा आणि कळ दाबावी. ज्याला केवळ वाढदिवसाचा फोटो हवा आहे त्याला हें वरदानच आहे. कॅननमध्येंही ही सोय आहे, पण त्याच्या माथ्यावरील चाक फिरविलें म्हणजे छिद्र व वेळ हीं दोन्ही माणसाच्या हातीं येतात. इतक्या स्वस्त कॅमेऱ्यांत कारखानदारानें ही गोष्ट सोडली नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

याचा उपयोग काय, हें एका सोप्या प्रयोगानें कळतें. सावलींतला एक वाहता नळ घ्यावा. शटरची वेळ सेकंदाचा ५०० वा भाग ठेवून एक चित्र काढावें. पाण्याचे थेंब कांचेच्या मण्यांसारखे अधांतरीं थांबलेले दिसतील. मग कॅमेरा पायरीवर टेकवून, वेळ सेकंदाचा १५ वा भाग करून, दुसरें चित्र काढावें. तेंच पाणी रेशमाच्या लडीसारखें दिसेल. डोळ्याला या दोहोंपैकीं एकही रूप दिसत नाहीं. वेळ म्हणजे काय, गति म्हणजे काय, हें पुस्तकांतल्या व्याख्येपेक्षां या दोन चित्रांनीं मुलाला अधिक लवकर समजेल. चित्र बिघडलें तर फुकट गेलेल्या फिल्मचा खर्च नाहीं. पुसून पुन्हां काढावें. फिल्मच्या काळांत ३६ चित्रांच्या एका गुंडाळींत विद्यार्थ्याला असें शिकणें कधींच परवडलें नसतें.

एक अपेक्षा मात्र या चाकाकडून ठेवूं नये. माणूस स्पष्ट व मागची भिंत धूसर, असें जें चित्र मोठ्या कॅमेऱ्यांतून निघतें, तें या दोहोंतूनही सहसा निघावयाचें नाहीं. भिंग लहान, चकती लहान. सर्वांत रुंद उघडलेलें छिद्रही अगदीं लहान. अशा छिद्रांतून जवळचें व दूरचें सारेंच एकसारखें स्पष्ट येतें. यांत तोटा आहे तसा लाभही आहे. आजीच्या चेहऱ्याबरोबर तिच्या मागची फळी, फळीवरचे डबे आणि भिंतीवरचें कॅलेंडर हींही स्वच्छ उतरतात. आणि वीस वर्षांनीं फोटो पाहणाऱ्याला कधीं कधीं चेहऱ्याइतकेंच त्या डब्यांचें महत्त्व वाटतें.

एका बाबतींत या दोन्ही कॅमेऱ्यांचे शेकडों भाऊबंद कालवश झाले असतां हे दोघे जिवंत राहूं शकले आहेत. ती बाब म्हणजे खाद्य. त्या काळच्या पुष्कळ सडपातळ कॅमेऱ्यांना ज्याची त्याची विशिष्ट आकाराची बॅटरी लागे. ती बॅटरी संपली, तशी दुसरी मिळेनाशी झाली, कीं चांगला कॅमेराही निरुपयोगी. कॅननला व निकॉनला मात्र दोन साधे पेन्सिल सेल लागतात, भिंतीवरच्या घड्याळांत घालतात त्याच डबल ए मापाचे. जाडी त्यामुळें वाढली, पण आयुष्यही वाढलें. एवढेंच कीं, घड्याळाला पुरणारा हलका सेल कॅमेऱ्याला पुरत नाहीं. भिंग सरकतांना व फ्लॅश भरतांना एकदम मोठा प्रवाह लागतो. त्यासाठीं पुन्हां पुन्हां भरतां येणारे निकेल-मेटल-हायड्राइड जातीचे सेल उत्तम. त्यांच्यावर दीड व्होल्टच्या जागीं १.२ व्होल्ट लिहिलेलें पाहून बिचकूं नये. मोठा प्रवाह देण्यांत ते साध्या सेलांना मागें टाकतात. आणि कॅमेरा कपाटांत ठेवावयाचा असेल तर सेल काढूनच ठेवावा. अल्कलाइन सेल आंत राहून झिरपला तर त्यांतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातूच्या पट्ट्या खाऊन टाकतें. चांगल्या कॅमेऱ्यांचा असा अंत पुष्कळ घरीं झालेला आहे.

जुना कॅमेरा घेणाऱ्यानें म्हणूनच सेलचा कप्पा प्रथम उघडून पाहावा. पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर असेल तर पुढें जाऊं नये. घरचाच कॅमेरा असेल व थर थोडा असेल, तर लिंबाच्या रसांत किंचित् भिजविलेल्या कापसाच्या काडीनें तो पुसून, पट्ट्या पूर्ण वाळवून मग सेल घालावे. नंतर भिंग पुरें बाहेर येऊन पुरें आंत जातें काय, कुरकुरतें काय, तें पाहावें. कोऱ्या भिंतीचें एक चित्र काढून त्यावर डाग पडतात काय हें तपासावें. साठवणीचें कार्ड ३२ गिगाबाइटांपर्यंतचेंच घ्यावें. त्याहून मोठ्या कार्डांची पद्धति २००९ सालीं जाहीर झाली, आणि ती या २००८ सालच्या यंत्रांना समजत नाहीं. शेवटीं दिनांक व वेळ बरोबर लावावी. चुकीच्या दिनांकाचा फोटो हा चुकीच्या तिथीच्या पत्रिकेसारखा असतो; तो पुढच्या पिढीला वर्षानुवर्षें फसवीत राहतो.

आतां फोनशीं तुलना टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आजचा मध्यम किंमतीचा फोन एका कळीबरोबर अनेक चित्रें घेऊन त्यांची गोळाबेरीज करतो, आणि रात्रीच्या दिव्यांत या दोन्ही कॅमेऱ्यांना सहज हरवितो. ज्याच्या हातीं असा फोन आहे त्यानें केवळ चित्राच्या सफाईसाठीं जुना कॅमेरा विकत घेऊं नये. कॅमेऱ्याची बाजू निराळी आहे. त्याचें भिंग खरोखर पुढें सरकतें; त्याची कळ बोटाला कळते; आणि चित्र काढीत असतां त्यांत कोणाचा निरोप येत नाहीं.

मग निवड कोणती करावी? घरच्या कपाटांत यांपैकीं एखादा पडलेला असेल, तर दुसरा शोधूं नये. दोन सेल आणि एक कार्ड एवढाच खर्च करावा. विकत घ्यावयाचा असेल व तो शिकणाऱ्या मुलासाठीं किंवा थरथरत्या हातासाठीं असेल, तर कॅनन ए ५९०. ज्याला कांहीं शिकावयाचें नाहीं, ज्याला मोठा पडदा हवा आणि कळ दाबून मोकळें व्हावयाचें आहे, त्याला निकॉन एल १८. पहिला अधिक मोलाचा आहे तो त्यांत अधिक कांहीं कोंबलें आहे म्हणून नव्हे. काटकसर करतांनाही त्यांत वापरणाऱ्याचा अधिकार राखला आहे म्हणून.

आणि दोहोंपैकीं कोणताही घेतला तरी एक काम यंत्र करणार नाहीं. फोनमध्यें हजारों चित्रें सांठतात आणि फोन हरवला किंवा बिघडला कीं तीं एका दिवसांत नाहींशीं होतात. कार्डावरचीं चित्रेंही आपोआप टिकत नाहींत. त्यांची प्रत दुसऱ्या दोन ठिकाणीं करून ठेवावी लागते. दर वर्षाच्या अखेरीस घरांतील मंडळींनीं एकत्र बसून त्या वर्षाचीं चाळीस-पन्नास चित्रें निवडावीं, कागदावर छापून घ्यावीं, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनें नांव, गांव व साल लिहावें. ज्या घरीं हा नेम पाळला जाईल, तेथें १४० डॉलरचा कॅमेरा कीं १८० डॉलरचा, हा प्रश्न वीस वर्षांनीं कोणी विचारणार नाहीं. आल्बमांत कोण कोण आहे आणि कोण राहून गेलें, एवढेंच तेव्हां पाहिलें जाईल.